चौदा नंबरच्या बाई

टोमॅटोच्या रोपांची मागणी यंदा दुपटीनं आली आणि नेमकी त्याच पंधरवड्यात सून बसली.

बसली म्हणजे अक्षरशः बसली. शेडच्या तोंडाशी पालथ्या घातलेल्या क्रेटवर, मांडीवर ट्रे घेऊन. एका ट्रेला एकशे चार खळगे. प्रत्येकात नारळाचा भुसा भरायचा, बोटानं दाबायचा, एक बी सोडायचं, वर पुन्हा चिमूटभर भुसा. लग्न होऊन आली तेव्हापासून या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सासूचे दोन ट्रे होईपर्यंत तिचे तीन व्हायचे आणि वर गुणगुणणं चालूच. आता सकाळचे दहा वाजले होते, मांडीवरच्या ट्रेमधले अकरा खळगे भरले होते आणि बाराव्यात बोट रुतवून ती समोरच्या कुंपणाकडे बघत होती. कुंपणावर काहीही नव्हतं.

"काढ ते बोट," सासू म्हणाली, "नाहीतर त्यालाच मूळ फुटेल."

एरवी सून खुदकन हसली असती. तिनं बोट काढलं, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि तेराव्या खळग्यात घातलं. बारावा तसाच राहिला, बी न पडलेला.

सासूला सगळी वस्ती भोंगा म्हणायची. मागे म्हणायची आणि तोंडावरही, कारण तिला त्याचं काही वाटत नसे. शेडच्या या टोकाला उभी राहून ती त्या टोकाच्या माणसाला "पाणी बंद कर" म्हणाली, की रस्त्यापलीकडच्या घरातली बाई आपला नळ बंद करायची. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ही रोपवाटिका उभी केली होती, ती दोन हातांनी आणि एका घशानं. मुलगा रोपं गाडीतून पोचवायचा. तो आईवर गेला नव्हता. दिवसभरात त्याचे शब्द मोजले तर एका ट्रेचे खळगे भरले नसते. सून आली तेव्हा घरात बोलायला कोणीतरी मिळालं म्हणून सासूच जास्त खूश झाली होती.

आता अडीच महिन्यांची नात होती. शेडच्या सावलीत, जाळीखाली, टोपलीत झोपायची. दुपारी ती रडायला लागली. सासू नळाखाली ट्रे धूत होती, सून शेजारी ब्रश घेऊन उकिडवी बसलेली. रडणं वाढलं. सुनेचा ब्रश चालूच राहिला, एकाच ट्रेच्या एकाच कोपऱ्यावर.

"अगं, भूक लागली असेल तिला."

सून उठली. बाळाला घेतलं, पाजलं, खांद्यावर टाकून पाठ थोपटली, पुन्हा टोपलीत ठेवलं. सगळं बरोबर केलं. कोणी कामावर ठेवल्यासारखं. परत येऊन बसली आणि नळाच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "आई, तिला तुम्हीच सांभाळा. मला तिचं काहीच वाटत नाही हो."

सासूनं नळ बंद केला. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उत्तर असायचं. किडीवर, पावसावर, व्यापाऱ्यावर. 

"कोणाची तरी मुलगी आणून ठेवलीय, असं वाटतं," सून म्हणाली. "आणि माझ्या हातून पडेल ती. रोज वाटतं. म्हणून मी उचलायलाच भिते."

तिचे हात ओले होते. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या. सासूनं त्यातला ब्रश काढून घेतला, एवढंच तिला सुचलं.

शेजारणीला नुसती शंका पुरेशी होती. संध्याकाळी कुंपणाशी येऊन ती म्हणाली, "हल्लीच्या पोरींचे हे चोचले. आम्ही आठव्या दिवशी कामाला जुंपलो होतो." दोन वर्षांपूर्वी भोंगाच हे वाक्य कोणाला तरी म्हणाली असती, शिवाय दुप्पट आवाजात. या वेळी तिनं झारी उचलली आणि शेजारणीच्या पायांवर पाणी सांडेल इतक्या जवळून रोपं भिजवली.

बाळाला लस द्यायला येणाऱ्या नर्सबाईनं मात्र नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "मोठ्या गावातल्या दवाखान्यात एक समाजसेविका आहेत. त्यांना दाखवा."

"समाजसेविका?" सासू चक्रावली. "ते फलकावर हात जोडून उभे असतात, त्यांतल्या?"

"नाही हो. या शिकलेल्या असतात. मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करतात."

"बोलून?" सासूला पहिल्यांदाच धीर आला. "मग ते मीच करते की!"

"तुमच्यासारखं बोलून नाही," नर्सबाई हसू दाबत म्हणाली.

सोमवारी मुलाच्या गाडीत रोपांच्या क्रेटशेजारी बसून सासू मोठ्या गावात गेली. मुलाला सांगितलं, गुडघे दाखवायचेत. दवाखान्याच्या खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "खोली नंबर चौदा." चौदाला कुलूप होतं. तेरामध्ये प्लास्टर घालत होते. तिथला हात पांढरा झालेला माणूस म्हणाला, "त्या बाई मंगळवारी नि शुक्रवारी येतात."

मंगळवारी सासू बसनं गेली. चौदाला कुलूप. तासभर बाकावर बसली, गेल्या-आलेल्या प्रत्येकीकडे आशेनं पाहिलं. त्यातल्या एकीला तर उठून नमस्कारही केला. ती जंतुनाशक विकायला आलेली निघाली. खिडकीत विचारलं तर कारकून म्हणाला, "रजेवर असतील."

शुक्रवारी पुन्हा कुलूप. आता मात्र सासूच्या घशानं उचल खाल्ली. खिडकीशी जाऊन म्हणाली, "अहो, ही चौदा नंबरची बाई आहे, की तुम्ही नुसता नंबरच लावून ठेवलाय?"

अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली आणि तितक्याच मोठ्यानं विचारलं, "पेशंट कोण तुमच्याकडे? वेडबिड लागलंय का कोणाला?"

रांगेत वीस-पंचवीस माणसं होती. त्यात त्यांच्याच वस्तीतला दूधवाला होता. सासूला त्याचे उत्सुक कान दिसले. सुनेचं नाव या व्हरांड्यात पडलं, तर संध्याकाळी दुधाबरोबर घरोघर पोचलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आवाज खाली आणला.

"मीच पेशंट," ती म्हणाली.

"काय होतंय?"

सासू जे खरं होतं तेच बोलली. "माझं तोंड बंद होत नाही."

रांग हसली. दूधवाल्यानं तर मान डोलावून दुजोरा दिला. कारकुनानं मात्र गंभीरपणे कागदावर 'तोंड बंद होत नाही' असं लिहिलं आणि तिला नऊ नंबरमध्ये पाठवलं.

नऊ नंबरमध्ये दातांचे डॉक्टर होते. त्यांनी तिला खुर्चीत आडवी केली, दिवा तोंडावर घेतला, जबडा दोन्ही हातांनी धरला. "उघडा. मिटा. पुन्हा उघडा. मिटतंय की हो!"

"डॉक्टर," जबडा त्यांच्या हातात असतानाच सासू म्हणाली, "माझी ह्हून बशली."

"काय बसली?"

त्यांनी जबडा सोडला. मग सासूनं सगळं सांगितलं. दिव्याकडे बघत सांगितलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते दिव्यामुळंच असं दाखवत सांगितलं. डॉक्टरांनी हातमोजे काढले.

"चौदाचं छत गळतं," ते म्हणाले. "बाई चार महिने झाले मागच्या धुलाईच्या खोलीत बसतात. खिडकीवाल्यांना दहादा सांगितलंय. चला, मी दाखवतो." तोंडाला मास्क तसाच ठेवून ते स्वतः तिला मागच्या अंगणापर्यंत सोडायला आले.

धुलाईची खोली गरम होती. साबणाचा आणि वाफेचा वास. भिंतीला लागून घड्या घातलेल्या चादरींचे ढीग, आणि त्या ढिगांच्या मध्ये एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा. टेबलाशी जेमतेम तिशीची, ठेंगणी मुलगी बसली होती. पायांत कापडी बूट, अंबाड्यात पेन खोचलेलं.

"मी बाईंची वाट बघते," सासू म्हणाली.

"या ना मावशी. मीच ती."

सासू बसली आणि बोलायला लागली. अर्धा तास बोलली. टोमॅटोच्या मागणीपासून सुरुवात केली, शेजारणीवर आली, मुलाच्या मुकेपणावर आली, मग नळाशी आली. बाई मधे बोलल्या नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. सासू थांबली तेव्हा त्यांनी थोडेच प्रश्न विचारले. सून झोपते का, जेवते का, जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल बोललीय का. शेवटचा प्रश्न त्यांनी इतका सरळ विचारला की सासूही सरळच म्हणाली, "नाही. पण मला त्याचीच भीती वाटते."

"तसं काही बोलली तर शुक्रवारची वाट बघू नका, त्याच पावली इथं घेऊन या," बाई म्हणाल्या. "पण मावशी, हे आजारपण आहे. नखरा नाही नि वेडही नाही. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं, आणि बरं होतं. तिला आणाल का इथं?"

"ओढत आणते."

"ओढत नको."

"मग काय करू?"

"रोज एकदा विचारा, आज कसं वाटतंय. आणि मग गप्प बसा."

"किती वेळ?"

"ती बोलेपर्यंत."

"आणि नाहीच बोलली तर?"

"तरी गप्प."

सासूनं सुस्कारा टाकला. "त्यापेक्षा मला गोळ्या द्या हो."

बाई इतक्या मोकळेपणी हसल्या की चादरी मोजणारी बाई आत डोकावून गेली.

घरी आली तर मुलगा शेडच्या दारात उभा. तिच्या तीन फेऱ्यांत कडेच्या सात ट्रेना पाणी मिळालं नव्हतं. सातशेवर रोपं माना टाकून पडली होती. सून ती बघत शेजारीच उभी होती, आपल्यामुळंच मेली असं तोंड करून.

"गुडघ्याला तीन-तीन फेऱ्या?" मुलगा म्हणाला.

सून बाळाकडे गेली तसं सासूनं त्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्याचं तोंड लाल झालं. "माझ्या बायकोला वेड्यांच्या दवाखान्यात?"

"वेड्यांच्या नाही. चादरींच्या," सासू म्हणाली. मग आवाज उतरवून, "तुझ्या गाडीचं इंजिन बिघडलं तर तू मिस्त्रीकडे नेतोस. लाजतोस का?" त्यानं वाळलेले ट्रे उचलून मागे नेऊन टाकले, आणि संध्याकाळी उरलेल्या सगळ्या शेडला स्वतः पाणी दिलं.

दुसऱ्या दिवसापासून सासूनं औषध सुरू केलं. सकाळी भुसा भरताना विचारलं, "आज कसं वाटतंय गं?" आणि गप्प बसली. ते इतकं अवघड गेलं की दुसरे शब्द बाहेर पडू नयेत म्हणून तिनं ट्रेला खोचायची प्लास्टिकची पट्टी दातांत धरली. सून काही बोलली नाही. सासू पट्टी चावत राहिली. गिऱ्हाईक येऊन भाव विचारून गेलं, तिनं बोटांनी सांगितला. वस्तीत बातमी पसरली की भोंग्याचा घसा बसला.

तिसऱ्या दिवशी सुनेनं हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. "आई, दात दुखतोय का तुमचा?"

सासूला हसू आवरेना. पट्टी तोंडातून उडून भुशात पडली. "दात नाही गं बाई. मला गप्प बसायला सांगितलंय."

"कोणी?"

मग सगळं सांगणं आलंच. खिडकी, रांग, जबडा, चादरी. जबड्याची गोष्ट आली तेव्हा सुनेच्या ओठांचा कोपरा हलला. पण शेवटी ती म्हणाली, "मी नाही यायची. लोक वेडी म्हणतील. बाळाला लोक वेडीची मुलगी म्हणतील."

सासू गप्प बसली. या वेळी पट्टीशिवाय. भुशाच्या ढिगात हात घालून बसली आणि जरा वेळानं म्हणाली, "माझा हा पोरगा झाला ना, तेव्हा मी महिनाभर त्याच्याकडे बघितलं नव्हतं. पाजताना भिंतीकडे बघायची. वाटायचं, हा दुसऱ्या बाईचा आहे. ती येऊन घेऊन जाईल. रोज दाराकडे बघायची, आली का म्हणून."

सुनेनं ट्रे बाजूला ठेवला. "मग?"

"अजून आली नाही."

सून हसली. आधी हसली आणि मग तोंडावर भुशाचे हात धरून रडली, खांदे गदगदा हलेपर्यंत. सासूनं तिला जवळ घेतलं. दोघींचे चेहरे तपकिरी झाले.

"कोणाला सांगितलंत हे?" सुनेनं विचारलं.

"तुला. आत्ता."

"शुक्रवारी बस किती वाजता असते?" सून म्हणाली.

पहिल्या शुक्रवारी सून चादरींच्या खोलीत तासभर होती. सासू बाहेर अंगणात, नात मांडीवर, दोरीवर वाळणाऱ्या पांढऱ्या चादरींच्या मध्ये. दार जाड होतं. ऐकू येत नाही म्हणून तिचा जीव नुसता तळमळत होता. मग बाईंनी सुनेला दवाखान्यातल्याच मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, रक्त घेतलं आणि बाळाला पाजताना चालेल अशी गोळी लिहून दिली. बसमध्ये सून म्हणाली, "त्यांनी मला काही शिकवलं नाही हो. नुसतं विचारत होत्या." आणि खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. सासूनं वाहकाला खुणेनं घंटी हळू वाजवायला सांगितली.

एकदम काही झालं नाही. मंगळवारी सून बस थांब्यापर्यंत आली आणि तिथूनच माघारी फिरली. त्या दिवशी पुन्हा कुंपणाकडे बघत बसली. सासू एकटीच जाऊन बाईंना सांगून आली. बाई म्हणाल्या, "मग मीच येते." आणि गुरुवारी कापडी बूट घालून, स्कूटरवरून, धुळीनं माखून खरंच आल्या. क्रेटवर बसून त्यांनी बोलता बोलता दीड ट्रे भरला. वाकडातिकडा. सुनेनं त्यांना बोट किती दाबायचं ते दाखवलं. "तुम्ही फार खोल जाता," ती म्हणाली. "बी गुदमरतं."

"हे मला लिहून ठेवायला हवं," बाई म्हणाल्या, आणि अंबाड्यातलं पेन काढून खरंच लिहिलं.

पुढच्या खेपेला त्यांनी मुलाला बोलावलं. तो आत गेला आणि अर्ध्या तासानं कान लाल करून बाहेर आला. आत काय झालं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या सकाळी गाडी काढण्याआधी त्यानं घमेल्यात पाणी घेतलं, कोपर बुडवून गरम आहे का पाहिलं आणि मुलीला आंघोळ घालायला बसला. आयुष्यभर क्रेट उचललेला माणूस. त्यानं तिला दोन्ही बाजूंनी क्रेटसारखीच धरली.

"मान धर, मान!" सासू ओरडणार होती. त्याआधीच सून म्हणाली, "डोक्याखाली हात घाला. असा." आणि तिनं त्याचा हात धरून बाळाच्या मानेखाली नेला. बाळानं पाय झाडले, त्याचा शर्ट छातीपर्यंत भिजवला. त्यानंतर रोज सकाळी त्याचा शर्ट भिजायचा, आणि गिऱ्हाइकांना रोपं घेताना साबणाचा वास यायचा.

गोळीला आपला वेळ लागला. तीन आठवड्यांनी सून एका सकाळी अर्धा ट्रे भरून मग थांबली. पुढच्या आठवड्यात तीन ट्रे. रोपं चार दिवस उशिरा गेली. व्यापारी कुरकुरला, सासूनं त्याला पूर्ण आवाजात ऐकवलं आणि रस्त्यापलीकडच्या बाईनं पुन्हा नळ बंद केला. सून अजून कधीकधी गप्प व्हायची, पण आता म्हणायची, "आई, आज बरं नाही वाटत." सासू म्हणायची, "बस मग." आणि शेजारी बसायची.

रोपांची शेवटची गाडी भरून गेली त्या दुपारी शेड रिकामी झाली. दोन महिन्यांनी पहिल्यांदा हाताला काम नव्हतं. सून जेवून आत आडवी झाली, बाळ कुशीत. सासू दाराशी आली तर सुनेला डोळा लागलेला, आणि नात टक्क जागी, पाय हवेत. सासूनं तिला अलगद काढून घेतलं आणि मिरचीच्या नव्या वाफ्यांकडे नेलं. एकेक रोप दाखवून ती तिला सांगत होती, हे तिखट, हे कमी तिखट, हे तुझ्या आजीसारखं.

तेवढ्यात घराचं दार आपटलं.

सून अनवाणी धावत आली. केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. आधी टोपलीकडे गेली, टोपली रिकामी. शेडमध्ये डोकावली. मग वाफ्यांकडे वळली, तिला दोघी दिसल्या आणि ती ओल्या मातीतून तशीच तरातरा आली.

"विचारल्याशिवाय नेलंत कशाला?" ती ओरडली. छाती धपापत होती. "उठून बघते तर कुशीत नाही! माझा जीव किती घाबरा झाला माहितीय? माझी मुलगी आहे ती! आणि एवढ्या उन्हात? टोपडं कुठंय तिचं? काही कळतं की नाही तुम्हाला?"

बाळाला तिनं जवळजवळ ओढूनच घेतलं. छातीशी धरलं, डोक्यावरून हात फिरवला, कपाळ पुसलं, पायाला लागलेला चिखल स्वतःच्या कपड्याला पुसला आणि आणखी दोन वाक्यं सुनावली.

आजवर भोंग्याला कोणी असं बोललं नव्हतं. ती चिखलात उभी राहून सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"चुकलं गं," ती म्हणाली.

"पुन्हा करू नका."

"नाही करायची."

सून बाळाला पुटपुटत समजावत, टाळूवर सावलीसाठी हात धरून, घराकडे निघाली. सासूनं झारी उचलली. ती रिकामी होती, तरी तिनं पाठ फिरवून मिरचीच्या एका ओळीला शेवटपर्यंत पाणी घातलं, सुनेला आपलं तोंड दिसू नये म्हणून.